नावाचा अर्थ (ऐच्छिक)

थडग्यावर दगड बसवायचा असेल तर दफनभूमीच्या कार्यालयातून एक अर्ज घ्यावा लागतो. त्यात बावीस रकाने असतात. त्यातले एकवीस मी अर्ध्या तासात भरले. एकाहत्तर वर्षांचा माणूस अर्ध्या तासात आवरतो हे पाहून मला बाबांच्या वतीनं जरा अपमान वाटला. पण तो भरून निघाला, कारण बाविसाव्या रकान्यानं पुढचे पाच महिने खाल्ले.

हा रकाना अर्जाच्या तळाशी एका मोठ्या चौकटीत होता. चौकटीच्या वर छापलं होतं, 'दगडावरील मजकूर'. आत नावासाठी जागा, तारखांसाठी जागा आणि शेवटी एक ओळ: 'नावाचा अर्थ (ऐच्छिक)'.

"ऐच्छिक म्हणजे नाही भरला तरी चालतं," मी आईला म्हटलं.

"कुणाला चालतं?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांना चाललं असतं?"

आमच्या घरात रकाना रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. बाबांनी चौतीस वर्षं शहर बससेवेच्या मुख्य आगारात हरवलेल्या वस्तूंची खिडकी सांभाळली. लोक बसमध्ये जे काही विसरत ते संध्याकाळी या खिडकीत येई आणि बाबा त्याची नोंद करत: वस्तू, बस, आसन, तारीख, मालकाचं नाव, शेरा. छत्र्या तर होत्याच, पण दातांची कवळी, एकाच पायाचा बूट, लग्नाचा अल्बम आणि एकदा लाकडी पाय. (लाकडी पाय विसरून माणूस बसमधून उतरला कसा, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं चालला.) वस्तूवर मालकाचं नाव नसेल तर बाकीचे कारकून त्या रकान्यात आडवी रेघ मारत. बाबांना रेघ मान्य नव्हती. ते तिथं स्वच्छ अक्षरात लिहीत, 'सांभाळून ठेवावे. कोणीतरी येईल.' आणि कोणी आलंच तर शेऱ्यात एकच शब्द: 'आले.'

आगारात त्यांना सगळे छत्रीसाहेब म्हणत. खरं नाव मनश्शे. हे जुनं हिब्रू नाव आहे, धर्मग्रंथातलं, आणि ते एका दमात कुणालाही कळत नसे. त्यामुळे बाबांनी छत्रीसाहेब हे नाव फारशी तक्रार न करता स्वीकारलं. घरी आई त्यांना 'अहो' म्हणे. त्यांची स्वतःची आई, म्हणजे माझी आजी, त्यांना 'धाकट्या' म्हणत असे. बाबा एकुलते एक होते. एकुलत्या एक मुलाला धाकट्या म्हणणं हा आजीच्या विक्षिप्तपणांपैकी एक, असं आम्ही धरून चाललो होतो. एकूण काय, मनश्शे या नावानं बाबांना बँक आणि रुग्णालय सोडून कुणी हाक मारली नाही.

रुग्णालयातही त्यांनी शिस्त सोडली नाही. जायच्या तीन तास आधी त्यांनी नर्सला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही शेवटचं सांगायचं असेल. ते म्हणाले, "तुमचं पेन चादरीवर राहिलंय."

तर अर्ज. नियम असा की दफन झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दगड बसला पाहिजे. नाही बसला तर जागेवर पत्र्याचा नंबर ठोकतात आणि ती जागा 'अनोळखी' नावाच्या वहीत जाते, कायमची. निनावी छत्रीसुद्धा ज्याला सहन झाली नाही, त्याला पत्र्याचा नंबर! आईनं तो नियम माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि कॅलेंडरवर मुदतीच्या अठरा तारखेभोवती गोल काढला.

मी ग्रंथालयात काम करते. नावाचा अर्थ शोधणं हे माझ्या दृष्टीनं दुपारच्या चहाआधीचं काम. मी तीन कोश काढले. तिन्हींचं एकमत होतं, जे कोशांच्या बाबतीत क्वचित घडतं. मनश्शे म्हणजे विसरायला लावणारा. जुन्या कथेत भावांनीच विकलेला एक माणूस परक्या देशात मोठा होतो, त्याला पहिला मुलगा होतो आणि तो त्याचं हे नाव ठेवतो. का, तर या मुलामुळे आपले हाल आणि बापाचं घर आपण विसरलो.

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"विसरायला लावणारा? दगडावर? येणारे-जाणारे काय म्हणतील? या माणसाचं दारूचं दुकान होतं म्हणतील."

"किंवा भूलतज्ज्ञ होते म्हणतील."

"चेष्टा करू नकोस. ज्या माणसानं जन्मभर लोकांचं विसरलेलं लक्षात ठेवलं त्याला विसरायला लावणारा? दुसरा अर्थ बघ."

"आई, अर्थ काय साडीसारखा असतो का, हा नको, दुसरा दाखवा?"

"तुझ्याकडे एवढी पुस्तकं आहेत," आई म्हणाली. माझ्या पेशाचा इतका थोडक्यात अपमान आजवर कुणी केला नव्हता.

ही बातमी जिन्यात पोचायला एक दिवस लागला. आमच्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळे हेडसर म्हणतात आणि ते सगळ्यांना विद्यार्थी समजतात. ते दारातच म्हणाले, "हे बघ, यात अडचण कसली? 'धैर्यवान' लिहून टाक. कोण तपासणार आहे?"

"पण सर, तो अर्थ नाही."

"बरं, मग 'तेजस्वी' लिही. नावांचे अर्थ दोनच असतात. मी छत्तीस वर्षं हजेरी घेतलीय. प्रत्येकाचे आईवडील सांगायचे, याचा अर्थ तेजस्वी. अख्खा वर्ग तेजस्वी, आणि गणितात चौदा जण नापास."

दादा दुसऱ्या देशात असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू फार विचार करतेस. रेघ मार आणि विषय संपव." आई शेजारीच बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. रेघ हा शब्द ऐकल्यावर ती उठून आत गेली आणि दोन दिवस दादाशी बोलली नाही. त्याला मात्र हे तिसऱ्या दिवशी कळलं.

पण दादाच्या घरातूनच गुंता वाढला. वहिनीला सातवा महिना होता आणि मुलगा होणार हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. आईनं दगड आणि नातू यांची सांगड घातली. बाबांचं नाव नातवाला ठेवायचं, म्हणजे दगडावर ते असलं काय नि नसलं काय, माणसांत राहील. वहिनी समंजस बाई आहे. ती नाही म्हणाली नाही. व्हिडिओ कॉल चालू असतानाच तिनं फोनमधलं ॲप उघडलं.

या ॲपमध्ये प्रत्येक नावाची लोकप्रियता येते. अर्थ, शुभ रंग, त्यांच्या देशात कितवा क्रमांक आणि गेल्या वीस वर्षांचा आलेख. वहिनीनं तिच्या आवडीचं नाव आधी दाखवलं: नोहा. तेही जुनं, हिब्रू, ग्रंथातलंच. अर्थ विश्रांती, क्रमांक पहिला, आलेख जिन्यासारखा वर चढणारा. मग तिनं हळुवारपणे मनश्शे टाकलं. क्रमांक: नाही. गेल्या वर्षीच्या नोंदी: शून्य. शेवटची नोंद नऊ वर्षांपूर्वी, एक. त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट रेषा. तशी रेषा त्या वर्षात मी दुसऱ्यांदा पाहत होते. मी खिडकी उघडायला उठले.

"एक आहे ना?" आई म्हणाली. "नऊ वर्षांचा. कुठं असतो तो?"

"आई, ते नाही सांगत हो ॲपमध्ये," वहिनी म्हणाली.

"मग काय उपयोग?"

वहिनी म्हणाली, "आई, बाबांबद्दल मला किती वाटतं, तुम्हाला माहीत आहे. पण 'विसरायला लावणारा' असं नाव ठेवायचं, तर त्यानं काय विसरायला लावायचं? बाबांना?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न जुना असणार. माझे आजीआजोबा साधी, घाबरट माणसं. त्यांना कुणी विकलं नव्हतं, परक्या देशात नेलं नव्हतं. पहिल्या आणि एकुलत्या मुलाच्या जन्मानंतर त्यांना विसरायचं होतं तरी काय?

चौथा महिना संपत आला तेव्हा मी रकाना तसाच ठेवून पाथरवटाकडे गेले, म्हटलं निदान दगड तरी निवडावा. त्याची शेड दफनभूमीच्या फाटकासमोर आहे. माणूस अबोल, भुवयांवर पांढरी भुकटी. भिंतीवर पाटी: 'कागदावर असेल ते दगडावर.'

"म्हणजे चूक दिसली तरी तुम्ही सांगणार नाही?" मी विचारलं.

"नाही."

"का बरं?"

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "एकदा डोकं चालवलं. एका गृहस्थानं कागद दिला, वर दिवंगत लिहायचं राहिलेलं. मी आपलं माझ्या मनानं घातलं. दगड न्यायला तेच गृहस्थ आले. स्वतःचाच आगाऊ करून घेत होते." त्यानं छिन्नी उचलली. "तेव्हापासून डोकं बंद. शिक्क्याचा अर्ज आणा, चौकटीत असेल तेवढं घालतो. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही."

मला हा माणूस आवडला. बाबांनाही आवडला असता. इतकं आवडूनही मला त्याच्या बोलण्यातला धोका कळला नाही, याचं मी आजही नवल करते.

शिक्क्यासाठी मी कार्यालयाच्या दोन नंबरच्या खिडकीशी गेले. तिथल्या बाईंचा चष्मा गळ्यात दोरीनं लटकत होता आणि तो डोळ्यांवर चढवणं हा त्यांच्या मते जादा कामाचा भाग होता. त्यांनी अर्ज लांब धरून वाचला.

"बाविसावा रकाना कोरा आहे."

"ऐच्छिक आहे ना?"

"आहे. पण कोरा ठेवायचा असेल तर 'कोरा ठेवत आहे' असं लिहून सही लागते." मग त्यांनी जागेचा नंबर पाहिला आणि चष्मा चढवला. "ही भिंतीकडची, नळाजवळची जागा?"

तीच. ही जागा बाबांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः नोंदवून ठेवली होती. मधल्या रस्त्यालगत झाडाखाली चांगल्या जागा मोकळ्या असताना त्यांनी भिंतीकडेचा ओला कोपरा धरला. तेव्हा आई म्हणाली होती, "मेल्यावरही यांना कोपऱ्यातलीच खिडकी पाहिजे."

"या जागेला दगडाची परवानगी नाही मिळायची," बाई म्हणाल्या. "जागा रिकामी नव्हती."

"म्हणजे?"

"खाली आधीचं कुणीतरी आहे. आधीचं कुणी असेल तर त्याच्या नातेवाइकाचं ना-हरकत पत्र लागतं."

आम्ही बाबांना कुणा परक्याच्या जागेत ठेवलं की काय? मी विचारलं, कोण आहे आधीचं? बाईंनी आतून एक वही आणली. पाठीला कापडी पट्टी, पानांच्या कडा तपकिरी. त्यांनी बोट ठेवलं. मी वाचलं. बहात्तर वर्षांपूर्वीची नोंद होती. पुरुष अर्भक. वय अकरा दिवस. नाव: ठेवलेले नाही. वडिलांचं नाव...

वडिलांचं नाव माझ्या आजोबांचं होतं.

तारीख बाबांच्या जन्माच्या चौदा महिने आधीची.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. "ओळखीचे आहेत का?" त्यांनी विचारलं. त्या खिडकीवर हा प्रश्न रोज विचारला जात असावा, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"काका लागतात," मी म्हणाले. माझा काका अकरा दिवसांचा होता आणि मी अडतीस वर्षांची.

"मग काम सोपं झालं. नातेवाईक तुम्हीच. ना-हरकत तुम्हीच द्या." त्यांनी फाइल उघडली, पानं चाळली आणि थांबल्या. "अहो, पण पत्र आहे की इथं. बारा वर्षांपूर्वीचं."

तो बाबांच्या अक्षरात भरलेला छापील नमुना होता. मी, खाली सही करणारा, या जागेत मला ठेवण्यास आधीच्या व्यक्तीतर्फे हरकत नसल्याचे लिहून देतो. आधीच्या व्यक्तीशी नाते: धाकटा भाऊ. आधीच्या व्यक्तीचे नाव: या रकान्यात त्यांनी रेघ मारली नव्हती. तिथं स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सांभाळून ठेवावे. कोणीतरी येईल.'

मागचा माणूस म्हणाला, "ताई, झालं असेल तर सरकता का?" मी सरकले. बाई म्हणाल्या, "बाविसाव्याचं ठरवून या. अठरा तारीख लक्षात आहे ना?"

घरी जाऊन मी आईला सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बाबांनी ही एक गोष्ट खिडकीतून बाहेर जाऊ दिली नव्हती. आई टेबलावरचा मेणकपडा सारखा करत बसली. तो सरळच होता.

"म्हणून धाकट्या," ती म्हणाली.

"हो."

"दुःख विसरायचं म्हणून नाव असं ठेवलं आणि हाक मारताना त्या माउलीच्या तोंडून दर वेळी धाकट्याच निघायचं." "कामाला लावलं गं पोराला, जन्मल्या दिवसापासून. आणि यांना ते काम जमलं नाही. जन्मात हे एकच काम यांना जमलं नाही."

मग ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी अर्ज काढला. पेनाचं टोपण काढून बसले, कारण अशा वेळी हाताला काम असलेलं बरं असतं.

"लिही," आई म्हणाली. "बाविसाव्यात लिही. कोणीतरी आलं."

"आई, हा नावाचा अर्थ नाही."

"त्यांच्या नावाचा हाच आहे. लिही."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या खिडकीत बाईंनी चौकट वाचली. मला वाटलं, आता पुरावा मागणार, कोशाची साक्षांकित प्रत मागणार. त्यांनी फाइलमधलं जुनं पत्र पाहिलं, चौकट पुन्हा पाहिली, शिक्का मारला आणि चष्मा उतरवून पुसत बसल्या. शिक्क्याचा अर्ज मी पाथरवटाला दिला. त्यानं तो वाचला नाही, फक्त मापं घेतली.

सोळा तारखेला नातू झाला. दादाचा फोन आला तेव्हा मागून नर्सचा आवाज येत होता, "नोहाचे वडील कोण?" आणि दादा म्हणाला, "थांब जरा, आम्ही तिघं उभे राहिलोय."

"तीन नोहा?" आई म्हणाली. "एका खोलीत? मनगटाला पट्टी बांधलीय का बघ म्हणावं. नाव आहे म्हणून गाफील राहू नका म्हणावं." मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि दादाला बाळाचं वजन, रंग, कानांची ठेवण सगळं विचारून घेतलं. हरवलेली वस्तू ओळखायला बाबा असेच प्रश्न विचारत. विश्रांती हा अर्थ तिला पसंत पडला. "घरात एकाला तरी मिळू दे," ती म्हणाली.

अठरा तारखेला सकाळी दगड बसला. मी आणि आई गेलो. हेडसरही आले, पाहुणे म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. पाथरवटाच्या माणसांनी गोणपाट बाजूला केलं.

दगडावर बाबांचं नाव होतं. तारखा होत्या, दोन्ही बरोबर. त्याखाली, तितक्याच खोल, तितक्याच सुबक अक्षरांत, कोरलेलं होतं:

नावाचा अर्थ (ऐच्छिक)

आणि त्याखाली:

कोणीतरी आलं.

नळ गळत होता. हेडसरांनी खिशातून हात काढला, बोटानं कंस दाखवला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "कंससुद्धा घेतलेत."

मी पाथरवटाकडे वळले. "अहो, ते छापलेलं होतं! ते कोरायचं नव्हतं!"

"चौकटीत होतं," तो म्हणाला.

"पण ऐच्छिक कोण दगडावर कोरतं?"

"ते मला काय माहीत? तुमच्या घरातला विषय." तो खरोखर दुखावला होता. "बदलून देतो म्हणालात तर देईन. पण नवा दगड, नवा शिक्का, नवा अर्ज. आज अठरा आहे ना?"

मी आईकडे पाहिलं. पाच महिने बाविसाव्या रकान्यासाठी झुरलेली माझी आई दगडासमोर उभी होती. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मी तिला धरायला पुढे झाले. ती हसत होती. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"राहू दे," ती म्हणाली. "एकही रकाना सोडला नाही बघ. छापलेलासुद्धा."

इतक्यात एक तरुण बाई कुणाच्या तरी फुलांसाठी पाणी घ्यायला नळाशी आली. सहावा-सातवा महिना असावा. कॅन भरेपर्यंत तिनं आमचा दगड वाचला, एकदा आणि मग परत.

"मनश्शे म्हणजे 'कोणीतरी आलं' होय?" तिनं आईला विचारलं. "सुंदर अर्थ आहे. मला माहीतच नव्हतं."

मी ग्रंथालयात काम करते. चुकीची माहिती दुरुस्त करणं हा माझा पेशा आहे. मी तोंड उघडलं, पण आईनं माझा हात दाबला.

"हो," ती म्हणाली. "ठेवायचं असेल तर ठेवा बाई. सध्या कोणी वापरत नाहीये."